मूलोच्छेदाचा सिद्धांत : स्तनाच्या कर्करोगावरील शल्यचिकित्सेच्या इतिहासातील एक प्रकरण

एखादी उपचारपद्धती कालबाह्य ठरली म्हणजे वैद्यकाचा इतिहास लिहिणारे तिला दोन-चार ओळींत निरोप देतात आणि तिच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीकडे वळतात. जुनी पद्धती मुळात प्रस्थापित कशी झाली, कोणत्या पुराव्याच्या बळावर तिने इतका काळ राज्य केले, आणि ज्या पुराव्याने ती अखेर पदच्युत झाली तो पुरावा आधी कोणी का गोळा केला नाही, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. स्तनाच्या कर्करोगावरील 'रॅडिकल' शस्त्रक्रियेच्या बाबतीत तसे होऊ देणे योग्य नाही. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व लसीकाग्रंथी एकसंध काढून टाकणारी ही शस्त्रक्रिया १८९४ पासून सुमारे ८० वर्षे अमेरिकेत तरी ह्या रोगावरील एकमेव प्रामाणिक उपाय समजली जात होती. लाखो स्त्रियांनी ती सोसली. 'रॅडिकल' हा शब्द 'मूळ' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तिला 'मूलोच्छेदी शस्त्रक्रिया' असे म्हटले आहे. नावातच सिद्धांत दडलेला आहे, हेही वाचकांच्या ध्यानात यावे.

रोग स्वतः फार जुना आहे. एडविन स्मिथ ह्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ मध्ये ईजिप्तमधील लक्सर येथे विकत घेतलेल्या, आणि जेम्स ब्रेस्टेड ह्यांनी १९३० मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केलेल्या प्राचीन पपायरसवर जखमा व गाठी ह्यांची ४८ प्रकरणे आहेत. त्यांपैकी ४५ व्या प्रकरणात छातीवरील थंड, टणक, फुगीर गाठींचे वर्णन असून उपचाराच्या जागी 'उपाय नाही' एवढाच अभिप्राय आहे. ग्रीक वैद्यांनी खेकड्यावरून रोगाला नाव दिले. गॅलेनने त्याचे कारण शरीरात साचलेल्या कृष्णपित्तात शोधले, आणि त्या मतामुळे शस्त्राला दुय्यम स्थान मिळाले. कारण दोष जर सर्व शरीरात भरलेला असेल, तर एका अवयवावर सुरी चालवून काय साधणार? आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्बुदाची चिकित्सा सांगताना एक लक्षणीय विचार येतो. अर्बुद काढताना काही शेष राहिले तर ते पुन्हा लवकर वाढते, उरलेल्या विस्तवाप्रमाणे घातक ठरते, म्हणून ते निःशेष काढावे, असा तो आदेश आहे. सुश्रुताचे 'अर्बुद' म्हणजे आजचा कर्करोगच, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याकडील पुष्कळ लेखकांना आवरत नाही. तो आवरलेला बरा. तथापि 'शेष राहिले म्हणून पुन्हा उद्भवले' ही विचारसरणी पुढे एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जवळजवळ त्याच तर्काने मांडली गेली, एवढी नोंद येथे अप्रस्तुत होणार नाही.

भूल देण्याची युक्ती सापडण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय होते ह्याचा एक साक्षात पुरावा उपलब्ध आहे. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी ह्यांच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमधील त्यांच्या घरी शस्त्रक्रिया झाली. शस्त्र नेपोलियनच्या सैन्याचे प्रख्यात सर्जन दोमिनिक-झां लारे ह्यांच्या हाती होते. भूल म्हणून मद्ययुक्त पेयाचा एक प्याला, आणि तोंडावर पातळ हातरुमाल. त्या रुमालातून त्यांना पोलादाची चमक दिसत होती. काळ्या पोशाखातील सात पुरुष खोलीत शिरले तेव्हाचे आपले मन, सुरी हाडापर्यंत पोहोचल्याची जाणीव, वीस मिनिटांची ती अवस्था, हे सर्व त्यांनी पुढल्या वर्षी आपल्या बहिणीला, एस्थरला, लिहिलेल्या दीर्घ पत्रात उतरवून ठेवले आहे. बर्नी त्यानंतर २८ वर्षे जगल्या व १८४० मध्ये वारल्या. त्यांची गाठ खरोखर कर्करोगाची होती की नाही ह्याविषयी अलीकडील लेखकांना शंका आहे. आणि ही शंका केवळ त्यांच्यापुरती नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ तपासण्याची रीत रुळण्यापूर्वीच्या 'बऱ्या झालेल्या' रुग्णांच्या सर्वच याद्यांवर ती पडछाया आहे. त्या काळातील यशाचे आकडे इतिहासकाराने जपून वापरावयाचे ते ह्यासाठी.

त्याच सुमारास जपानमध्ये, युरोपीय वैद्यकाला पत्ता नसताना, एक मोठी घटना घडून गेली होती. वाकायामा परिसरातील हानाओका सेइशू ह्या वैद्याने धोतरा, बचनाग व इतर वनस्पती ह्यांच्या मिश्रणाचे पेय देऊन रुग्णाला गाढ निद्रेत नेण्याची पद्धत सिद्ध केली व १३ ऑक्टोबर १८०४ रोजी एका ६० वर्षांच्या स्त्रीच्या स्तनातील अर्बुद काढले. पुढे त्याने अशा दीडशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. जपान तेव्हा बाह्य जगाला बंद होते, त्यामुळे बॉस्टनमधील १६ ऑक्टोबर १८४६ च्या ईथर-प्रयोगालाच जगाने आरंभबिंदू मानले. भूल आणि १८६७ पासून जोसेफ लिस्टर ह्यांनी पुरस्कारिलेली जंतुनाशक पद्धती ह्यांनी सर्जनला दोन गोष्टी दिल्या: वेळ आणि धैर्य. लिस्टर ह्यांनी त्याच वर्षी ग्लासगो येथे आपल्या घरातील जेवणाच्या मेजावर स्वतःची बहीण इझाबेला हिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली. जखम पिकली नाही. रोग मात्र परतला, आणि सुमारे तीन वर्षांनी ती वारली. जखम भरणे आणि रोग बरा होणे ह्यांतील अंतर ह्या एका घरगुती उदाहरणात स्पष्ट दिसते.

ह्याच १८६७ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील चार्ल्स मूर ह्यांनी अपुऱ्या शस्त्रक्रियांविषयी एक निबंध वाचला. रोग पुन्हा उद्भवतो तो शरीरात काही सार्वत्रिक दोष आहे म्हणून नव्हे, तर पहिल्या वेळी सर्जनने काही अंश मागे ठेवला म्हणून. पुनरुद्भव बहुधा जुन्या व्रणाच्या आसपास होतो हाच त्याचा पुरावा, असे मूर ह्यांचे म्हणणे. म्हणून गाठीत सुरी न शिरवता संपूर्ण स्तन एकसंध काढावा. ह्यापूर्वी फ्रान्समध्ये आंरी ल द्रां ह्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कर्करोग प्रथम एकाच जागी असतो व मग लसीकावाहिन्यांतून पसरतो असे प्रतिपादिले होते. मूर ह्यांनी त्याला शस्त्रक्रियेचा निश्चित आकार दिला. कृष्णपित्ताची उपपत्ती येथे खऱ्या अर्थाने संपली. रोग स्थानिक आहे. म्हणजेच तो कापून काढता येण्यासारखा आहे. ह्या वाक्यातील दुसरा भाग पहिल्यापासून अपरिहार्यपणे निघतो असे त्या पिढीला वाटले, आणि पुढील सर्व कथा ह्या 'म्हणजेच'ची आहे.

विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे पहिले प्रमुख शल्यविशारद. तरुणपणी त्यांनी व्हिएन्ना व जर्मनीतील नामांकित शल्यगृहे पाहिली होती. कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना ते त्याच्या आहारी गेले, ही त्यांच्या चरित्रातील दुःखद बाजू. शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आणले ते प्रथम एका परिचारिकेच्या हातांची त्वचा रसायनांनी सोलून निघू नये म्हणून, ही हृद्य बाजू. त्या परिचारिकेशी पुढे त्यांचा विवाह झाला. शल्यकर्मात ते अत्यंत संथ, काटेकोर, ऊतींना हळुवार हाताळणारे होते. १८९४ मध्ये त्यांनी जून १८८९ ते जानेवारी १८९४ ह्या काळातील ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, मोठा वक्षस्नायू आणि काखेतील सर्व मेद व ग्रंथी ते एका तुकड्यात काढीत. आधी हे, मग ते, असे तुकडे पाडल्यास कर्काचे कण जखमेत सांडतील ही त्यांची धास्ती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विली मायर ह्यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ हीच शस्त्रक्रिया वर्णिली व लहान वक्षस्नायूही काढावा असे सुचविले.

हॉल्स्टेड ह्यांच्या अहवालातील ज्या एका आकड्याने जग जिंकले तो असा: युरोपातील मोठमोठ्या सर्जनांच्या हाती स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण ५१ ते ८२ टक्के होते, हॉल्स्टेड ह्यांच्या हाती ते ५० पैकी ३, म्हणजे ६ टक्के. हा आकडा खोटा नाही. परंतु तो कशाचे मोजमाप आहे हे पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, हॉल्स्टेड ह्यांनी शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील पुनरुद्भव आणि त्या क्षेत्राबाहेरच्या लगतच्या त्वचेतील पुनरुद्भव असा भेद केला. दुसऱ्या प्रकारचे ८ रुग्ण ६ टक्क्यांच्या हिशेबात नाहीत. युरोपीय याद्यांत असा भेद सर्वत्र केलेला होता असे म्हणता येत नाही, तेव्हा तुलना समान मापाची नव्हती. दुसरी गोष्ट, ५० पैकी पुष्कळ स्त्रियांची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षेही झालेली नव्हती, आणि हा रोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, छातीवर रोग परत न येणे आणि रोगी जगणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. यकृतात, हाडांत वा फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने मृत्यू पावणाऱ्या स्त्रीची छाती स्वच्छ असू शकते. हॉल्स्टेड ह्यांनी जे सिद्ध केले ते पहिले. जगाने जे सिद्ध झाले असे मानले ते दुसरे.

त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून येथेच सांगितले पाहिजे की, जे त्यांनी सिद्ध केले तेही लहान नव्हते. त्या काळी स्त्रिया वैद्याकडे येत त्या गाठ मोठी होऊन, त्वचा फाटून, दुर्गंधीयुक्त व्रण वाहू लागल्यावर. छातीवरील असा व्रण घेऊन महिनोन्महिने जगण्याच्या यातनेतून जी शस्त्रक्रिया सोडविते तिला रुग्णांनी व वैद्यांनी वरदान मानले ह्यात नवल नाही. चूक झाली ती पुढे, स्त्रिया लहान गाठ घेऊन येऊ लागल्यावरही तीच शस्त्रक्रिया तशीच चालू राहिली तेव्हा.

हॉल्स्टेड ह्यांच्याच १९०७ च्या निबंधात ह्या चुकीचा सुगावा लागण्यासारखा पुरावा होता. ज्यांच्या काखेतील ग्रंथी निरोगी होत्या त्या स्त्रियांचे पुढील आयुष्य, ग्रंथी बाधित असलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक सुरक्षित निघाले. मानेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंत रोग गेलेल्यांची स्थिती अगदीच निराशाजनक. शस्त्रक्रिया एकच, हात एकच, आणि तरी भवितव्य ठरले ते स्त्री दारात आली तेव्हाच्या रोगाच्या अवस्थेने. ह्यावरून दोन निष्कर्ष काढता येत होते: एक, पसरलेल्या रोगापुढे सुरी कितीही रुंद फिरविली तरी फरक पडत नाही, दुसरा, सुरी आणखी लवकर व आणखी रुंद फिरविली पाहिजे. हॉल्स्टेड व त्यांचे शिष्य ह्यांनी दुसरा काढला. लंडनच्या सॅम्सन हँडले ह्यांनी त्याच सुमारास मांडलेल्या उपपत्तीचा त्यांना आधार मिळाला. रोग रक्तातून नव्हे तर लसीकावाहिन्यांतून झाडाच्या मुळांसारखा सलग सरकत जातो असे ती सांगे. सलग सरकणाऱ्या शत्रूला वेढा घालता येतो. शल्यचिकित्सेला ही कल्पना सोयीची होती, एवढ्यावरून ती खरी ठरत नव्हती.

किंमत स्त्रियांनी दिली. छातीच्या फासळ्या त्वचेखाली उघड दिसत, खांदा आखडे, काखेतील वाहिन्या गेल्यामुळे हाताला कायमची सूज येई. ह्या सुजेवर हॉल्स्टेड ह्यांनी स्वतः १९२१ मध्ये निबंध लिहून तिला शल्यजन्य हत्तीरोग असे नाव दिले. निदानाची रीतही विलक्षण होती. स्त्रीला भूल दिल्यावर गाठीचा तुकडा काढावयाचा, तो गोठवून काही मिनिटांत तपासावयाचा, आणि कर्करोग निघाल्यास त्याच भुलेत संपूर्ण शस्त्रक्रिया उरकावयाची. संमतिपत्रावर सही करून झोपी जाणाऱ्या स्त्रीला जाग येईल तेव्हा आपला स्तन असेल की नसेल हे ठाऊक नसे. सही तिची असे. निर्णय तिचा नसे.

विरोधाचे सूर नव्हते असे नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेफ्री केन्स, अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांचे धाकटे बंधू, हे १९२० च्या दशकापासून स्तन न काढता रेडियमच्या सुया रोवून उपचार करीत होते. १९३७ मध्ये त्यांनी आपले परिणाम मूलोच्छेदी शस्त्रक्रियेच्या तोडीचे असल्याचे प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धाने ते काम खुंटले. १९४८ मध्ये मिडलसेक्स रुग्णालयातील पेटी व डायसन ह्यांनी मोठा वक्षस्नायू न काढणारी सौम्य पद्धती मांडली, आणि एडिंबरोच्या मॅक्‌व्हर्टर ह्यांनी केवळ स्तन काढून काखेला किरणोपचार देण्याची. हीच वर्षे अमेरिकेत काही सर्जन उरोस्थीच्या मागील ग्रंथींपर्यंत शस्त्र नेणाऱ्या 'अतिमूलोच्छेदी' शस्त्रक्रिया करू लागली होती ती. क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल (धाकटे) ह्यांनी १९५५ मध्ये मूलोच्छेदी शस्त्रक्रिया सोडून दिली व 'लाइफ' ह्या लोकप्रिय साप्ताहिकात कर्करोगाच्या आंधळ्या भीतीविरुद्ध लेख लिहून व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. टोरांटोच्या व्हेरा पीटर्स ह्यांनी केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रियांची, वय व रोगाची अवस्था जुळवून निवडलेल्या स्तनविहीन स्त्रियांशी तुलना केली (१९६७). जगण्यात अंतर दिसले नाही.

मग हे सर्व पुरेसे का ठरले नाही? एक कारण पुराव्याचे आहे, आणि ते प्रामाणिक आहे. केन्स असोत वा पीटर्स, प्रत्येकाने आपले रुग्ण निवडले होते. सौम्य उपचार सौम्य रोगालाच दिला असेल, हा आक्षेप खोडून काढणे त्यांना शक्य नव्हते. पण हाच आक्षेप मूलोच्छेदी शस्त्रक्रियेच्या आकड्यांनाही लागू होता. दशकागणिक तिचे यश वाढत गेले ते सुरीमुळे की स्त्रिया लवकर येऊ लागल्यामुळे, हे कोणी पडताळले नव्हते. पुराव्याचा भार केवळ नव्या मतावर टाकणे ही प्रस्थापित मताची जुनी सवलत होय. दुसरे कारण संस्थात्मक. हॉल्स्टेड ह्यांनी अमेरिकेत शल्यशिक्षणाची निवासी पद्धती रुजविली. त्यांचे शिष्य व शिष्यांचे शिष्य मोठ्या अध्यासनांवर बसले. त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया केवळ उपचार नव्हता, ती गुरुमुखातून मिळालेली विद्या होती. आणि ज्या हातांनी शेकडो स्त्रियांवर ती केली, त्यांना ती अनावश्यक होती असे मानणे किती जड गेले असेल, ह्याची कल्पना करता येते. तिसरे कारण मी भीती हे मानतो: कमी कापले आणि रोगी दगावला तर दोष सर्जनचा, सर्व कापून दगावला तर रोगाचा.

कोंडी फुटली ती चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीने. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर प्रयोगशाळेतील आपल्या संशोधनावरून अशा मताला आले होते की, कर्करोगाच्या पेशी लसीका व रक्त ह्या दोन्ही मार्गांनी आरंभापासूनच हिंडतात, लसीकाग्रंथी हा काही किल्ल्याचा तट नव्हे, आणि स्त्रीचे भवितव्य शस्त्राच्या रुंदीवर ठरत नाही. परंतु त्यांनी आपले मतही चाचणीला लावले, हा त्यांचा मोठेपणा. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने 'बी-०४' ही चाचणी सुरू केली. तीत १,६६५ स्त्रिया होत्या. ज्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती अशा १,०७९ स्त्रियांची यदृच्छेने तीन गटांत वाटणी झाली: मूलोच्छेदी शस्त्रक्रिया, केवळ स्तन काढून किरणोपचार, आणि केवळ स्तन काढून काखेला हात न लावणे, तेथे पुढे रोग दिसलाच तर तेव्हा ग्रंथी काढणे. काखेत गाठ लागणाऱ्या ५८६ स्त्रियांची पहिल्या दोन उपचारांत विभागणी झाली. २५ वर्षांनंतरचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: जगण्यात लक्षणीय अंतर कोठेही नाही.

ह्या चाचणीतील एक उपहिशेब मला मुख्य निष्कर्षापेक्षाही बोलका वाटतो. पहिल्या गटातील स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी तपासता सुमारे ४० टक्के स्त्रियांत, हाताला काही लागत नसतानाही, रोग आढळला. वाटणी यदृच्छेने झाली असल्याने काखेला हात न लावलेल्या ३६५ स्त्रियांपैकीही सुमारे ४० टक्क्यांच्या ग्रंथी बाधित असल्या पाहिजेत, आणि त्या शरीरातच ठेवल्या गेल्या. हॉल्स्टेड-सिद्धांतानुसार हे 'शेष' होय. त्याने वाढावे, पसरावे व मारावे. प्रत्यक्षात पुढे काखेत रोग उद्भवला तो ६८ स्त्रियांत, म्हणजे १८.६ टक्क्यांत, आणि त्या गटाचे जगणे इतरांपेक्षा कमी ठरले नाही. मूर ह्यांच्या तर्काची परीक्षा १०० वर्षांनी झाली ती ही.

पुढचा टप्पा स्तन वाचविण्याचा. मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी ह्यांनी १९७३ ते १९८० ह्या काळात, २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांत मूलोच्छेदी शस्त्रक्रिया आणि स्तनाचा केवळ बाधित चतुर्थांश काढून काख साफ करून किरणोपचार देणे ह्यांची तुलना केली. २० वर्षांनी स्तन राखलेल्या गटात ३० स्त्रियांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला, दुसऱ्या गटात ८ स्त्रियांना तो छातीवर परतला. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तंतोतंत सारखे. फिशर ह्यांच्या १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'बी-०६' चाचणीत ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या, आणि केवळ गाठ व भोवतालचा थोडा भाग काढण्यात आला. ही चाचणी आरंभी रेंगाळली. स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडा, असे रुग्णाला सांगणे सर्जनांना जमेना. अखेर आधी वाटणी करून मग संमती घेण्याची युक्ती योजावी लागली. १९८५ मध्ये पहिले निष्कर्ष आले; २० वर्षांच्या अखेरीस किरणोपचार घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के व न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग परतला. स्तन काढलेल्या गटाशी तुलना करता जगणे सारखेच.

ह्या पुराव्याला एक डाग लागला होता, त्याचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. मॉन्ट्रियल येथील एका सर्जनने, रुग्ण चाचणीस पात्र ठरावेत म्हणून, काही नोंदी बदलल्या होत्या. ते १९९० मध्ये संघटनेच्या लक्षात आले, पण जनतेला कळले १९९४ मध्ये वृत्तपत्रातून. फिशर ह्यांना नेतृत्वावरून दूर व्हावे लागले; पुढे ते निर्दोष ठरले. १९९५ मध्ये ते सर्व रुग्ण वगळून फेरमांडणी केली असता निष्कर्ष बदलला नाही, आणि मिलानचा स्वतंत्र पुरावा हाताशी होताच.

केवळ आकड्यांनी मात्र काम झाले नसते. अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर ह्यांना १९७४ मध्ये स्वतःच्या स्तनात गाठ आढळली तेव्हा, निदान व शस्त्रक्रिया ह्यांच्यामध्ये विचाराला अवधी हवा, असा आग्रह त्यांनी धरला, आणि तो मान्य करणारा सर्जन शोधताना त्यांची दमछाक झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ह्यांनी आपल्या मूलोच्छेदी शस्त्रक्रियेविषयी उघडपणे सांगितल्याने हा विषय घरोघरी पोहोचला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलाविलेल्या परिषदेच्या मंडळात कुशनर बसल्या होत्या. त्या परिषदेने हॉल्स्टेड-शस्त्रक्रियेऐवजी वक्षस्नायू राखणारी शस्त्रक्रिया ग्राह्य मानली आणि निदान व उपचार ही दोन पावले वेगळी असावीत असेही सुचविले. १९९० च्या परिषदेने आरंभीच्या अवस्थेत स्तन राखणे अधिक इष्ट असल्याचे सांगितले.

येथे कथा 'हॉल्स्टेड चुकले, फिशर जिंकले' अशी संपविता आली असती. परंतु २०११ मध्ये १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून जे निघाले ते त्या सरळ मांडणीला छेद देते. स्तन राखून किरणोपचार दिल्याने दहा वर्षांतील पुनरुद्भव ३५.० वरून १९.३ टक्क्यांवर आला, आणि पंधरा वर्षांतील स्तन-कर्करोगजन्य मृत्यूही २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर. म्हणजे टाळलेल्या प्रत्येक चार पुनरुद्भवांमागे साधारण एक मृत्यू टळतो. स्थानिक अंश मागे राहणे अगदीच निरुपद्रवी नाही. काही स्त्रियांत रोग अजून स्थानिकच असतो व तेथेच संपविता येतो. हॉल्स्टेड ह्यांचा सिद्धांत अंशतः खरा होता, एवढेच की तो किती खरा आहे हे मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते, आणि ज्यांच्याजवळ होते त्यांनी ते दीर्घकाळ वापरले नाही.

काखेच्या बाबतीत माघार अजून चालू आहे. १९९० च्या दशकात रंगद्रव्य वा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून रोग प्रथम जेथे पोहोचेल ती 'पहारेकरी' ग्रंथी ओळखण्याची रीत आली. ती निरोगी असल्यास बाकीच्या राखता येतात. मिलानच्याच नेतृत्वाखाली झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असून ध्वनिलहरींच्या तपासणीत काख स्वच्छ दिसणाऱ्या १,४०५ स्त्रियांत पहारेकरी ग्रंथीलाही हात न लावल्याने पाच वर्षांत काही बिघडले नाही.

ह्या वादात मुंबईचाही वाटा आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी ह्यांनी, रोग शरीरात इतरत्र पसरल्यावर स्तनातील मूळ गाठ काढून आयुष्य वाढते काय, ह्या प्रश्नाची ३५० स्त्रियांत चाचणी घेतली; २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर नकारार्थी होते. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया रोग पसरल्यावरच येतात, म्हणून हा प्रश्न येथे सुटणे विशेष महत्त्वाचे होते. २०२३ मध्ये भारतातील ११ केंद्रांतील सुमारे १,६०० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करणारे स्वस्त औषध टोचल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. शस्त्रकर्माच्या क्षणी पेशी विखुरतात काय, ही हॉल्स्टेड ह्यांची जुनी धास्ती येथे नव्या रूपाने परत आलेली दिसते. फरक एवढाच की तिच्यावर उतारा म्हणून आता सुरी रुंद केलेली नाही.

स्तन राखण्याचा पर्याय कागदावर सर्वांना खुला आहे. पण तो किरणोपचाराशी जोडलेला आहे, आणि किरणोपचार म्हणजे पूर्वी पाच-सहा आठवडे रोज केंद्रावर जाणे. नंदुरबार वा गडचिरोलीकडच्या शेतमजूर स्त्रीला मोठ्या शहरात इतके दिवस राहणे, मुलांना मागे ठेवणे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडविणे परवडत नाही, म्हणून तीच कित्येकदा 'काढूनच टाका' असे म्हणते. तिची ही निवड हॉल्स्टेड ह्यांच्या सिद्धांतामुळे झालेली नसते. अलीकडे तीन आठवड्यांचे वेळापत्रक रुळले आहे, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीने निवडक रुग्णांत एका आठवड्यातील पाच मात्राही पुरेशा असल्याचे दाखविले. तोपर्यंतचे आणि त्यानंतरचेही ते दिवस कोठे काढावयाचे, हा प्रश्न मुंबईत आलेल्या अनेक रुग्णांपुरता दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने सोडविला आहे. टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी आलेली कुटुंबे तेथे उतरतात.